पक्षी नेमके आपल्याच गाडीवर का शिटतात : कारण कसं शोधायचं आणि काय करायचं

रोज सकाळी गाडी पुसायची आणि दुसऱ्या दिवशी परत टपावर, काचेवर, बॉनेटवर शिट, आणि शेजारची गाडी मात्र चकाचक, असं ज्यांचं महिनोन्महिने चाललंय त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय. बरेच जण आधी गाडीच्या रंगाला दोष देतात, मग ऑनलाइन पक्षी पळवायचं काहीतरी मशीन मागवतात आणि शेवटी वैतागून सोसायटीकडे झाड तोडायची मागणी करतात. यातल्या एकाचीही गरज नसते. बहुतेक वेळा पक्ष्याने तुमची गाडी हेरलेली नसतेच, त्याने बसायची जागा ठरवलेली असते आणि आपली गाडी बरोबर तिच्या खाली येते, रोज येते, कारण आपली पार्किंगची जागाही ठरलेली असते. याला एक मोठा अपवाद आहे, साइड मिररचा. तिथे खरोखर गाडीच कारण असते, ते पुढे येतंय.

रंगाचं आधी उरकून घेऊ कारण विषय निघाला की पहिला प्रश्न तोच येतो. ब्रिटनमध्ये हाफर्ड्स कंपनीने २०१२ साली ब्रायटन, ग्लासगो, लीड्स, मँचेस्टर आणि ब्रिस्टल अशा पाच शहरांत ११४० गाड्या बघितल्या, त्यात लाल गाड्यांपैकी १८ टक्के गाड्यांवर शिट सापडली, निळ्या १४, काळ्या ११, पांढऱ्या ७, करड्या-चंदेरी ३ आणि हिरव्या फक्त १ टक्का. तेव्हापासून 'लाल गाडी घेऊ नका' हे दर वर्षी कुठे ना कुठे फिरत असतं. पण यात गाडी झाडाखाली होती का उघड्यावर, शेवटची धुतली कधी, हे काहीच धरलेलं नाही, त्यामुळे त्यावरून रंग निवडणं मला पटत नाही. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अतिनील प्रकाशही दिसतो, हे खरं आहे, पण दिसणं वेगळं आणि दिसला म्हणून त्यावर जाऊन शिटणं वेगळं. पक्षी उडायच्या आधी, झोपेतून उठल्यावर किंवा फांदीवर निवांत बसलेला असताना शिटतो, खाली लाल आहे का पांढरं हे बघून नाही. काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर पांढरा डाग लांबून दिसतो आणि चंदेरी गाडीवर जवळ गेल्याशिवाय कळत नाही, हा फरक मात्र मोठा आहे. आणि 'धुतली की लगेच घाण करतात' हेही तसंच, धुतल्यावर आपण गाडीकडे बघतो म्हणून पहिला डाग डोळ्यात भरतो.

चकचकीत गडद गाडीचा किड्यांशी संबंध मात्र खरा आहे. हंगेरीतल्या संशोधकांनी २००६ साली दाखवलं होतं की लाल आणि काळ्या गाड्यांच्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश पाण्यातल्या किड्यांना पाण्यासारखाच भासतो, ते त्यावर येऊन बसतात आणि अंडीही घालतात. तळ्याकाठी, कॅनॉलजवळ राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता मुख्य काम. गाडीवर जे पडलंय ते पुसायच्या आधी नीट बघा, कारण तिथेच निम्मं उत्तर असतं. पक्ष्याच्या शिटेत दोन भाग असतात, पांढरा आणि गडद. पांढरा भाग म्हणजे युरिक ॲसिड, पक्ष्यांची लघवी अशीच घट्ट पांढरी येते आणि एकाच वाटेने सगळं बाहेर पडतं. तेव्हा डागात पांढरं अजिबात नसेल तर तो पक्षी नाहीच अशी शंका घ्यायची. जांभळट-काळा किंवा तपकिरी पातळ फराटा, त्यात फळाचा चोथा आणि बिया, पांढऱ्याचा पत्ता नाही, असं दिसलं तर ती वटवाघळं आहेत. ती रात्री उंबर, जांभूळ, जंगली बदाम आणि सोसायट्यांत रांगेने लावलेल्या त्या उंच अशोकाच्या फळांवर येतात, म्हणून पावसाळ्याच्या सुमारास सकाळी गाडीवर चोखलेल्या बियांचा सडा आणि दारावर आडवे शिंतोडे दिसतात. इथे पक्ष्यांसाठी काहीही केलंत तरी फरक पडणार नाही.

स्टिल्ट पार्किंगमध्ये, वर स्लॅब, पक्षी येऊच शकत नाही, तरी बॉनेटवर बारीक काळ्या लेंड्या पडतात? जवळून बघा, लेंडीच्या एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पाल. पाल ट्यूबलाइटजवळ किड्यांसाठी बसते आणि खाली तुमची गाडी असते. लाइटची जागा हलवा नाहीतर गाडी जरा मागे-पुढे लावा, झालं.

आणखी एक प्रकार आहे ज्याने लोक फार गोंधळतात. सगळ्या गाडीवर, शेजारच्या गाड्यांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा मोहरीएवढे पिवळे-खाकी ठिपके, जसं काही कुणी ब्रशने रंग झटकलाय. लोक रंगाऱ्याशी भांडतात. ते बहुतेक वेळा आग्या मोहोळाच्या माश्यांचं असतं. या माश्या एकदम थव्याने उडून पोट मोकळं करतात आणि त्यात पचलेले परागकण असतात, म्हणून तो रंग. २००२ साली बंगालमध्ये संग्रामपूरला असाच हिरवट-पिवळा पाऊस पडला तेव्हा लोकांना रासायनिक हल्ल्याची भीती वाटली होती, निघाली मधमाश्यांची विष्ठा. उंच बिल्डिंगच्या गॅलरीखाली किंवा पाण्याच्या टाकीखाली कुठे मोहोळ लटकलंय का बघा, आणि स्वतः धूर-बीर करायला जाऊ नका, आग्या माश्या माणसाचा जीव घेऊ शकतात, पोळं जाणकार माणसाकडून हलवून घ्या. ठिपके साध्या पाण्याने लगेच धुतले तर जातात, वाळले की चिवट होतात.

आंब्याच्या झाडाखाली पारदर्शक चिकट तुषार पडत असतील तर ते तुडतुड्यांचं, त्याचाही पक्ष्यांशी संबंध नाही.

पांढरं-गडद दोन्ही आहे, म्हणजे पक्षी नक्की, तर मग डाग गाडीवर कुठे आहे ते बघायचं. टपावर, मागच्या काचेवर, बॉनेटवर गोल पसरलेला आणि चहूबाजूंनी शिंतोडे उडालेला डाग म्हणजे उंचावरून पडलाय. लांबट ओघळ, तोही दाराच्या वरच्या कडेपासून खाली आलेला, म्हणजे पक्षी गाडीवरच बसला होता. रूफ रेल किंवा अँटेनाच्या आसपास असेल तर तो तिथे बसतोय. आणि ओघळ बरोबर साइड मिररच्या खाली, दारावर, शक्यतो दोन्ही बाजूंना, त्यात काचेवर चोचीच्या खुणा, पंखांचे धुरकट ठसे असतील तर तुमच्या गाडीला खरोखरच एका पक्ष्याने हेरलंय.

हा आरशाचा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. विणीच्या दिवसांत नर आपली हद्द राखतो, दुसरा नर दिसला की त्याच्यावर धावून जातो. आरशात त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो आणि तो त्याला दुसरा नर समजतो, आणि हा दुसरा काही केल्या पळून जात नाही, तेवढ्याच जोराने उलट चोच मारतो. मग हा तासन्तास तिथेच. आपल्याकडे दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंजीर आणि चिमण्या हे जास्त करतात. पहाटेपासून मिररवर टक-टक, मिररच्या वर बसायचं, वाकून खाली बघायचं, झेप घ्यायची, परत वर बसायचं, आणि प्रत्येक वेळी बसला की दारावर एक ओघळ. गाडी दुसरीकडे लावली तरी त्याच्या हद्दीत असेल तोवर तो शोधत येतो, म्हणून लोकांना वाटतं की पक्ष्याने डूख धरलाय. शेजारच्या गाडीला होत नाही कारण तिचे मिरर रात्री आपोआप मिटतात आणि तुमचे उघडे राहतात, एवढंच कारण असू शकतं. पक्ष्याचेही यात हाल होतात, खाणंपिणं सोडून, चोच दुखवून घेत तो एका नसलेल्या शत्रूशी झगडत बसतो, त्यामुळे हे थांबवणं त्याच्याही भल्याचं आहे.

उपाय अगदी बिनखर्चाचा. गाडी लावली की मिरर मिटायचे, आणि मिटूनही काच बाहेर दिसत असेल तर त्यावर जुना मोजा किंवा कापडी पिशवी चढवायची. टू-व्हीलरच्या आरशांनाही हेच, तिथे तर सीट घाण होते म्हणून त्रास जास्त. सातत्य हवं, अधूनमधून विसरलात तर तो पहिल्या उघड्या आरशाला परत येतो. नियमाने झाकत राहिलात की बहुतेक नाद सोडतो, आणि वीण संपली की विषयच संपतो. काळ्या फिल्मची किंवा खूप पॉलिश केलेली काच असेल तर तिच्यातही चेहरा दिसतो, तिथे आतून कागद लावून काही होत नाही, सरळ कव्हर घाला.

आता राहिला सगळ्यात मोठा गट, वरून पडणारा. इथे वेळ शोधा. संध्याकाळी गाडी लावल्यावर एकदा आणि सकाळी उजाडल्यावर लगेच एकदा बघा, सुट्टीच्या दिवशी दुपारीही. रात्रीतून किंवा पहाटे पडत असेल तर वर झोपायची जागा आहे, कावळे, साळुंक्या, पोपट संध्याकाळी थव्याने ठराविक झाडावर येतात, आधी कलकलाट, मग शांत, आणि पहाटे उडायच्या आधी पोट हलकं करतात. याउलट दिवसभर पडतंय आणि रात्री कमी, तर रातबगळ्यांचा संशय घ्या, ते दिवसा दाट पानांत चुपचाप बसून असतात आणि अंधार पडताना कर्कश ओरडत मासे शोधायला निघतात. त्यांची शिट भरपूर, पांढरी, चुन्याचा शिपका मारल्यासारखी आणि तिला माशांचा उग्र वास. पावसाळ्यात तर गायबगळे, रातबगळे, पाणकावळे एकत्र घरटी करतात, एकेका वडाच्या किंवा रेन ट्रीच्या झाडावर कितीतरी, अशा झाडाखाली गाडी लावायची म्हणजे जून ते सप्टेंबर धुण्यातच जाणार. उंबर-वडाला फळं लागलीत, तांबट-कोकीळ-साळुंक्या जमल्यात, शिटेत बारीक बिया दिसतायत, तर तो हंगामी प्रकार आहे, फळं संपली की थांबतो.

मग वर बघा. झाडच बघायचं असं नाही. केबलच्या वायरी, स्ट्रीट लाइटचा दांडा, एसीचं आउटडोअर युनिट, छज्जा, डिशची तबकडी, होर्डिंगची वरची कड. पक्ष्याला बसायला आडवी आणि मोकळी नजर मिळणारी जागा आवडते. खाली जमिनीवरही डाग असतात, ते गाडी काढल्यावर दिसतात आणि ते बघायला कुणी थांबत नाही. गाडी काढा, फरशीवर किंवा डांबरावर डागांचा पट्टा कुठून कुठे जातो ते बघा, त्याच्या बरोबर वर नजर न्या, बसायची जागा सापडते. वायरीखालचा पट्टा सरळ रेषेत असतो, झाडाखालचा पसरट, छज्जाखालचा भिंतीला चिकटून.

यात वाऱ्याचाही हात असतो आणि हे फारसं कुणी सांगत नाही. पक्षी सहसा वाऱ्याकडे तोंड करून बसतो, नाहीतर पिसं विस्कटतात. म्हणजे शेपटी वारा जिकडे जातो त्या बाजूला आणि शिटही त्याच बाजूला पडते, वर वारा तिला आणखी ढकलतो. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो, तेव्हा उत्तर-दक्षिण जाणाऱ्या वायरीच्या पूर्वेला लावलेल्या गाडीचे हाल आणि पश्चिमेची गाडी स्वच्छ, मधलं अंतर एका गाडीचंसुद्धा नसतं. हिवाळ्यात किनाऱ्याकडे सकाळचा वारा जमिनीवरून येतो तेव्हा हेच उलटतं. 'काल शेजाऱ्याच्या जागी लावली तर काहीच झालं नाही' याचं उत्तर बरेचदा इथे असतं. म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी हाच, काहीही विकत घ्यायच्या आधी गाडी काही दिवस अर्धी गाडी पुढे किंवा मागे लावून बघा, शक्य असेल तर तोंड फिरवून लावा.

कबुतरांचं गणित वेगळं आहे कारण ती झाडावर कमी आणि बिल्डिंगवर जास्त बसतात. डक्ट, पार्किंगमधले बीम, स्लॅबखालून गेलेले पाइप, खिडकीचे ग्रिल. वर्षभर अंडी घालतात, एका वेळी दोन, साधारण १८ दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि महिनाभर घरट्यातच असतात, तेवढा काळ खालच्या गाडीची सुटका नाही. यावर टिकाऊ उपाय म्हणजे नायलॉनची जाळी, पण ती ताणून बसवलेली हवी, सैल जाळीत कबुतरं अडकून मरतात आणि मग वासाचा आणि किड्यांचा त्रास वेगळाच. बसवायच्या आधी आत घरटं, पिल्लं नाहीत ना हे बघून घ्या, असतील तर थांबा. कडेवर तिरपी पट्टी ठोकली आणि उतार ४५ अंशांपेक्षा जास्त ठेवला तरी कबुतर टिकत नाही. खिळ्यांच्या पट्ट्या कबुतरांसाठी बऱ्यापैकी चालतात, बाकी पक्ष्यांचा भरवसा नाही, नेदरलँड्स-बेल्जियममध्ये तर कावळे आणि मॅगपाय (कावळ्याच्याच कुळातला पक्षी) तेच खिळे उचकटून त्याची घरटी बांधतात हे २०२३ मध्ये समोर आलं.

आणि खायला घालणं. हे नाजूक आहे, मला माहितेय. गॅलरीतून शेव, ज्वारी, पोळीचे तुकडे टाकणाऱ्या आजींना कुणी काही बोलू शकत नाही, त्यांची भावना खरी असते. पण दाणे जिथे पडतात तिथेच आसपास कबुतरं वाट बघत बसणार आणि त्यांच्या खाली जे असेल ते घाण होणार. आमच्याकडे हे भांडणाने नाही, बोलून सुटलं, "आजी, दाणे मागच्या गच्चीवर ठेवूया का, मी नेऊन ठेवत जाईन," एवढंच म्हटलं होतं, त्या लगेच हो म्हणाल्या. पितृपक्षात पान ठेवतानाही पार्किंगच्या वरची कड टाळली तर कावळे तिथे रेंगाळत नाहीत. कबुतरांच्या वाळलेल्या शिटेची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांचा आजार होतो, त्याला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात, आणि मुंबईत २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्री टाकून बंद केला तेव्हा मुख्य मुद्दा हाच होता. त्यामुळे कोरडी शिट झाडूने झाडू नका, गाडीवरची असो की फरशीवरची, आधी ओली करा.

झाडाच्या बाबतीत मला मनापासून सांगायचंय, तोडायच्या मागे लागू नका. शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ लागू आहे, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय फांद्यासुद्धा छाटता येत नाहीत, आणि घरटी, अंडी यांना हात लावणं वन्यजीव कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. केरळात मलप्पुरमला २०२२ साली हायवेसाठी घरटी असलेलं झाड तसंच पाडलं, कितीतरी पाणपक्ष्यांची पिल्लं रस्त्यावर पडून मेली, त्याचा व्हिडिओ देशभर फिरला आणि गुन्हा दाखल झाला. गाडीवर येणारी नेमकी एखादी फांदी हलकी करायची असेल तर सोसायटीतर्फे अर्ज उन्हाळा सुरू होण्याच्या आतच टाका, म्हणजे पावसाळ्यात बगळे यायच्या आधी काम होतं. एकदा घरटी झाली की पुढचे चार महिने गाडी हलवणं हाच उपाय. स्वतःचं अंगण असेल तर शेतीची हिरवी शेडनेट पार्किंगवर ताणून बांधा, स्वस्त पडते, ऊनही अडतं, फक्त ती मधूनमधून पाइपने धुवावी लागते.

मशीनचं थोडक्यात. अल्ट्रासॉनिक म्हणून जे विकतात त्याचा आवाज माणसाला ऐकू येत नाही आणि पक्ष्यालाही येत नाही, पक्ष्यांना साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास सगळ्यात चांगलं ऐकू येतं आणि वरची मर्यादा आपल्यापेक्षा कमीच असते. प्लॅस्टिकचं घुबड, सीडी, चमकी पट्टी यांना पक्षी सुरुवातीला बिचकतात, मग ती हलत नाही किंवा काही करत नाही हे कळलं की कावळा त्या घुबडाच्या डोक्यावरच बसतो. पैसे घालवू नका. गाडीचं कव्हर चालतं, पण धुळकट गाडीवर ओढलं तर ते पॉलिश पेपरसारखं घासतं आणि पावसाळ्यात आत ओल धरतं.

रूफ रेलवर किंवा बॉनेटवर येऊन बसणाऱ्या साळुंक्या-चिमण्या बहुतेक वेळा बंपरला चिकटलेले किडे टिपायला येतात, हायवेवरून रात्री आल्यावर समोरची जाळी आणि नंबर प्लेट पाण्याने मोकळी केलीत तर त्यांना यायचं कारणच उरत नाही.

हे सगळं मार्गी लागेपर्यंत साफसफाई नीट करणं महत्त्वाचं, कारण पेंट इथेच जातो. डाग पडलेला दिसला की कोरड्या फडक्याने पुसायचा नाही, नखाने खरवडायचा नाही, वायपर तर अजिबात फिरवायचा नाही, शिटेत वाळू आणि बिया असतात, त्या काचेवर आणि क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, चरे पाडतात. डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि दोन स्वच्छ मायक्रोफायबर फडकी कायम ठेवा. गाडी सावलीत घ्या, फडकं किंवा टिश्यू पाण्यात भिजवून डागावर ठेवा, पाण्यात थोडा कार शॅम्पू असेल तर उत्तम, आणि पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या. युरिक ॲसिड पाण्यात पटकन विरघळत नाही म्हणून नुसतं पाणी मारलं की वरचं जातं आणि पांढरं तसंच राहतं, भिजायला वेळ द्यावाच लागतो. मग फडकं घासायचं नाही, डाग चिमटीत पकडून उचलायचा, फडक्याची घडी बदलायची, परत. लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, रॉकेल हे सगळे घरगुती प्रयोग पेंटवर नकोत, भांड्याच्या साबणाने वॅक्स निघून जातं. गाडी धुणाऱ्याकडे सकाळी एकच बादली आणि एकच फडकं असतं आणि तो तेच सगळ्या गाड्यांना फिरवतो, त्याला हे समजावून एक वेगळं फडकं देऊन ठेवा, तो करतो.

घाई एवढ्याचसाठी की उन्हात पत्रा तापला की क्लिअर कोट मऊ होऊन फुगतो, आणि वर शिट वाळून कडक झालेली असते. संध्याकाळी पत्रा थंड होताना क्लिअर कोट त्या डागाचाच आकार घेऊन आकसतो, शिवाय ॲसिडचा परिणाम असतोच. म्हणून मार्च ते मे मध्ये, त्यातही विदर्भ-मराठवाड्यात आणि काळ्या गाडीवर, एका दुपारीत कायमचा डाग उमटू शकतो आणि तीच शिट डिसेंबरमध्ये दोन दिवस राहूनही निघून जाते. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर थोडा जास्त वेळ मिळतो, अभेद्य काही होत नाही. पीपीएफ, म्हणजे पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म, चांगलं, ते खराब झालं तर तेवढाच तुकडा बदलता येतो.

डाग धुऊनही गोल सावलीसारखा राहिलाच तर आधी गाडी स्वच्छ करून एक दिवस उन्हात उभी करा, हलका असेल तर पेंट तापून बरेचदा कमी होतो. नाही गेला तर त्यावरून हळूच नख फिरवून बघा. नख अडकत नसेल तर डिटेलिंगवाल्याकडे मशीन पॉलिशने निघेल, पण त्याला सांगा की फक्त तेवढाच भाग घे, क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ, आणि प्रत्येक पॉलिशला तो थोडा कमी होतो. नख अडकतंय तर पॉलिशवर पैसे खर्च करू नका, तो पॅनल रंगवावाच लागेल, आणि रंगवायच्या आधी वरची बसायची जागा सापडलेली असू द्या.